भर पावसाळ्यात पोहून धावणे : बिगरहंगामी शर्यतीचे अनुभव

मुंबईत धावण्याचा हंगाम दिवाळीनंतर रंगात येतो आणि जानेवारीतल्या मॅरेथॉनपाशी शिगेला पोहोचतो. समुद्रात पोहणाऱ्यांचे वेळापत्रकही फारसे वेगळे नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची स्पर्धा डिसेंबरात असते आणि तिची तयारी पाऊस ओसरल्यावरच वेग घेते. जून ते सप्टेंबर या काळात मात्र बहुतेक जण एकेकट्याने, मिळेल त्या वेळी, मिळेल तेवढा सराव करतात. याच दिवसांत काही जलतरण तलावांवर पोहणे आणि धावणे एकत्र असलेल्या छोट्या शर्यती होतात. कुठे ५०० मीटर पोहून ५ किलोमीटर धावायचे असते, कुठे पोहण्याचे अंतर ७५० मीटर असते. सायकल लागत नसल्यामुळे खर्च कमी होतो, आणि हंगाम नसल्यामुळे वेळेचा विक्रम करण्याचे दडपण कोणावरच नसते.

या शर्यतींना पदकाच्या हिशेबात फारसे वजन नाही. तरीही मला त्या फार मोलाच्या वाटतात, कारण पोहणे शिकवणारे प्रशिक्षक आपल्याकडे आहेत, धावण्याचे गट तर प्रत्येक उपनगरात आहेत, पण पाण्यातून बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंतची जी काही मिनिटे असतात, त्यांचा सराव जवळपास कोणीच करून घेत नाही. ती मिनिटे शर्यतीतच शिकावी लागतात. चूक झाली तरी काही बिघडत नाही, अशी शर्यत त्यासाठी सर्वांत योग्य.

म्हणून सर्वांना विनंती आहे की, पोहणे कसे झाले आणि धावणे कसे झाले हे सुटे सुटे सांगण्यापेक्षा एकातून दुसऱ्यात जाताना काय घडले, ते आठवून सविस्तर लिहावे. नवखे, अनुभवी, शर्यतीत मदतीला उभे राहणारे, घरचे, सर्वांचे स्वागत आहे.

दादर, मॅरेथॉन धावणारे एक काका

मी मूळचा धावणारा. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि पोहायला मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो. धावणाऱ्या माणसाला पाण्यात जी अडचण येते, ती प्रथम सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. वर्षानुवर्षे धावून आमचे घोटे ताठ झालेले असतात. पोहताना पाऊल मागे ताणले जायला हवे, तसे ते ताणले जात नाही, त्यामुळे लाथ मारूनही शरीर पुढे सरकत नाही आणि पाय खाली बुडू लागतात. बुडणारे पाय वर ठेवण्यासाठी आम्ही आणखी जोरात लाथा मारतो, आणि ज्या मांड्यांवर नंतर ५ किलोमीटर धावायचे आहे, त्या तलावातच थकवून टाकतो.

माझ्या प्रशिक्षक मॅडमनी शर्यतीच्या आधी मला नियम वाचून दाखवले आणि माझे ओझे हलके झाले. या प्रकारात कोणत्याही पद्धतीने पोहता येते. मध्येच थांबून तरंगता येते, कडेला किंवा दोरीला धरून दम खाता येतो. अट इतकीच की दोरी ओढून पुढे सरकायचे नाही. धावण्याच्या भागात चालायलाही परवानगी असते. हे कळल्यावर मी ५०० मीटरचे दोन भाग केले. पहिला भाग फ्रीस्टाइलने, पाय जवळजवळ स्थिर ठेवून, आणि उरलेला ब्रेस्टस्ट्रोकने. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये समोरचे दिसते, श्वास मोकळा मिळतो आणि मन शांत राहते.

बाहेर आलो तेव्हा माझ्या आधी पंचवीस-तीस जण निघून गेले होते. जोडे घालताना पोटऱ्यांत गोळा येईल असे वाटले, म्हणून पहिले दोनशे-तीनशे पावले मी मुद्दाम झपझप चालत गेलो. त्यानंतर जे घडले ते मी आजवर कुठल्याही शर्यतीत अनुभवले नव्हते. एरवी पहिल्या किलोमीटरला माझे अंग जड असते. इथे श्वास आधीच लयीत होता, हात मोकळे झाले होते, आणि पाय तेवढे मागाहून येऊन मिळाले. पुढच्या दोन किलोमीटरमध्ये मी कितीतरी जणांना मागे टाकले. पाऊस अंगावर पडत होता आणि अंग ओलेच असल्याने त्याचे काही वाटत नव्हते. धावणाऱ्या सर्व मित्रांना मी कळकळीने सांगेन की पोहण्यात मागे पडण्याची भीती धरून या शर्यतीपासून दूर राहू नका.

विलेपार्ले, महाविद्यालयाच्या संघातून पोहणारी

काकांचा अनुभव वाचला आणि माझा अगदी उलट असल्याचे लक्षात आले. मी शाळेपासून प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलात पोहते, त्यामुळे ५०० मीटर हे माझ्यासाठी सरावाआधीचे अंग मोकळे करण्याचे अंतर आहे. मी पहिल्या काही जणांत बाहेर आले आणि जमिनीवर पाय ठेवताच छातीचे ठोके इतके वाढले की कानात ऐकू येत होते. पाण्यात दम लागलाच नव्हता. तो बाहेर आल्यावर लागला.

पोहणाऱ्यांचे हृदय आणि फुप्फुसे तयार असतात, पण हाडांना आणि नडगीच्या स्नायूंना आदळण्याची सवय नसते, असे माझे सर नेहमी सांगतात. आपल्याला वेगाने पळवू शकेल इतका दम आपल्यापाशी असतो आणि तो वेग सोसण्याची ताकद पायांत नसते. म्हणून पोहणाऱ्यांनी धावण्याचा सराव अगदी हळूहळू वाढवावा. मी शर्यतीआधी आठवड्यातून दोन दिवस पोहणे संपल्यावर लगेच, केस न पुसता, संकुलाबाहेर दहा मिनिटे सावकाश धावत असे. इतक्या थोड्या सरावाचाही उपयोग झाला, कारण ती विचित्र जाणीव ओळखीची झाली होती आणि मी घाबरले नाही. काका, तुम्ही तिसऱ्या किलोमीटरला ज्यांना मागे टाकले असेल, त्यांत माझ्यासारखे बरेच पोहणारे असणार.

मुलुंड, डॉक्टर आणि हौशी स्पर्धक

वरच्या दोन्ही अनुभवांमागचे कारण सांगणे उपयोगी ठरेल. पोहताना शरीर आडवे असते आणि पाण्याचा दाब सगळीकडून पडत असल्यामुळे पायांकडचे बरेचसे रक्त छातीकडे ढकलले जाते. शिवाय पोहण्याचे बहुतेक काम हात आणि खांदे करतात, म्हणून रक्ताचा ओघही तिकडे असतो. आपण बाहेर येऊन ताठ उभे राहतो, तेव्हा तो दाब एकदम नाहीसा होतो, रक्त पायांकडे उतरते, हृदयाकडे परतणारे रक्त काही क्षण कमी पडते आणि रक्तदाब घसरतो. तो सावरण्यासाठी हृदय ठोके वाढवते. चक्कर, कानातले ठोके, पाय आपले नसल्यासारखे वाटणे, हे सारे यातूनच येते आणि निरोगी माणसात थोड्याच वेळात निवळते.

यावर उपाय साधे आहेत. शेवटच्या ५० मीटरमध्ये पाय थोडे अधिक हलवावेत, म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू जागे होतात आणि रक्त वर ढकलण्याचे काम सुरू करतात. काठावर हात टेकून उसळी मारून उभे राहण्यापेक्षा शिडीने यावे किंवा क्षणभर काठावर बसून मग उठावे. जोडे वाकून घालण्यापेक्षा बसून घालावेत. मात्र छातीत दुखणे, न थांबणारी चक्कर, ठोक्यांची अनियमितता, किंवा पाण्यात असतानाच असह्य दम लागून खोकल्यातून फेस येणे, यांपैकी काहीही जाणवले तर शर्यत तिथेच सोडून वैद्यकीय मदत घ्यावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

पावसाळ्याच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हवा दमट असते तेव्हा घाम वाळत नाही आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही. म्हणून आकाश ढगाळ असले तरी जानेवारीचा वेग जुलैत धरू नये. पोहतानाही घाम येतो, तो कळत नाही इतकेच, त्यामुळे धावण्याआधी मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएसचे चार घोट घ्यावेत. दुसरे म्हणजे, धावण्याच्या मार्गावर किंवा घरी परतताना साचलेल्या पाण्यातून जावे लागले आणि पायाला खरचटलेले असेल, तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक औषधाबद्दल ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे. महापालिका दर पावसाळ्यात हे आवाहन करते आणि ते मनावर घ्यायला हवे.

चेंबूर, शर्यतीत लांब्या मोजणारा स्वयंसेवक

मी स्पर्धक नाही. माझी मुलगी या शर्यतींत भाग घेते आणि मी तलावाच्या काठावर पाटी घेऊन लांब्या मोजतो. ५० मीटरच्या तलावात ५०० मीटर म्हणजे दहा लांब्या, २५ मीटरच्या तलावात वीस. सांगायला हे सोपे आहे, पण एका रांगेत चार जण, साऱ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, त्यातले दोघे एकमेकांना ओलांडत असलेले आणि वरून पाऊस, अशा वेळी प्रत्येकाची लांबी बिनचूक मोजणे ही मोठी जबाबदारी असते. थकलेला स्पर्धक काठाला येऊन आपल्याकडे पाहतो, तेव्हा त्याला लगेच आणि खात्रीचे उत्तर मिळायला हवे. मी प्रत्येकाच्या दंडावर लिहिलेला क्रमांक मोठ्याने म्हणतो आणि शेवटच्या दोन लांब्या राहिल्या की शिट्टी वाजवून बोटे दाखवतो.

सर्वांत जास्त लक्ष मात्र मी तलाव आणि जोड्यांच्या जागेमधल्या पंधरा-वीस पावलांवर ठेवतो. तिथली फरशी ओली असते आणि बाहेर आलेला माणूस पुरता भानावर नसतो. आम्ही तिथे काथ्याच्या पायपुसण्या एकाला एक लावून अंथरतो आणि प्रत्येक वळणावर एक जण उभा करतो. त्याने फक्त "सावकाश, डावीकडे" इतकेच म्हणायचे असते. स्वतःच्या टोपलीसमोरून पुढे जाऊन दुसऱ्याच रांगेत आपले जोडे शोधणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

चष्मा असणाऱ्यांची अडचण तर क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. पोहण्याचा गॉगल काढला की त्यांना टोपल्यांवरचे क्रमांक दिसत नाहीत, आणि चष्मा असतो टोपलीतच. यावर मुलीने काढलेली युक्ती मला फार आवडते. ती आपल्या टोपलीच्या कडेला मोठा, भडक रंगाचा टॉवेल बांधते आणि चष्मा डबीत न ठेवता उजव्या जोड्यात ठेवते, म्हणजे पाय घालण्यापूर्वी तो हाती लागतोच. काचांवर पाऊस पडू नये म्हणून ती पुढे झाप असलेली टोपी घालते.

जोड्यांना लवचिक नाड्या लावल्या तर गाठ मारावी लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मोज्यांबद्दल मात्र मते वेगळी आहेत. माझ्या मते ५ किलोमीटरसाठीसुद्धा मोजे घालावेत. ओल्या पायांना जोडा टाचेवर घासतो आणि मोजे चढवण्यात गेलेल्या वेळेपेक्षा फोड आल्यावर लंगडण्यात जास्त वेळ जातो. मोजे आधीच घोट्यापर्यंत गुंडाळून ठेवावेत आणि पायांवर थोडी पावडर टाकावी.

बोरिवली, नोकरी करणारी ताई

कोणी लिहिले नाही म्हणून पोशाखाचा प्रश्न मी मांडते. बायकांच्या दृष्टीने तलावातून रस्त्यावर येणे ही केवळ शरीराची गोष्ट नसते. तलावाच्या आत पोहण्याचा पोशाख कोणाला खटकत नाही, पण तोच ओला पोशाख अंगाला चिकटलेला असताना भाजीवाले, दूधवाले आणि सकाळी फिरायला निघालेली मंडळी यांच्यामधून पळायचे आहे, हा विचार माझ्यासारख्या अनेक जणींना नाव नोंदवण्यापासून थांबवतो. मी ज्या शर्यतीत भाग घेतला, तिथे धावण्याचा मार्ग संकुलाच्या आवारातून आणि पहाटे बंद ठेवलेल्या एका गल्लीतून आखला होता, आणि त्यामुळे महिलांची संख्या लक्षणीय होती. आयोजकांनी हा विचार नेहमीच करावा, असे मला मनापासून वाटते.

पोशाखाचे म्हणाल तर गुडघ्यापर्यंत येणारा, पोहताना आणि धावताना दोन्हीकडे चालणारा एकसंध पोशाख सर्वांत सोयीचा आहे. तो नसेल तर पोहण्याच्या पोशाखावर धावण्याची सैल पँट चढवता येते, मात्र ओल्या अंगावर ती चढवण्याचा घरी सराव करावा. सुती टी-शर्ट टाळावा. तो पाणी धरून ठेवतो, जड होतो आणि काखेत काचतो. काखेत, मानेवर आणि मांड्यांच्या आत पेट्रोलियम जेली लावावी. धावण्याचा क्रमांक टाचण्यांनी कपड्यावर लावण्याऐवजी कमरेच्या इलॅस्टिकच्या पट्ट्यावर लावला तर दोन सेकंदांत काम होते. शर्यत पाळीच्या दिवसांत आली तर काय करावे, हेही मुलींनी आपल्या प्रशिक्षक मॅडमना निःसंकोच विचारावे. मी विचारले होते, आणि त्यांनी इतक्या सहजपणे मार्ग सांगितला की इतकी वर्षे मी उगाच चाचरत होते असे वाटले.

वाईचा, आता वरळीला राहणारा

मी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो आणि मुंबईत आल्यावर समुद्राच्या नादी लागलो. अनेक जण मला विचारतात की एवढा समुद्र शेजारी असताना पावसाळ्यातली शर्यत तलावात का. उत्तर स्पष्ट आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि जे कोळीबांधव पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगतात ते नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच पुन्हा होड्या पाण्यात लोटतात. त्यांनी पाळलेले पथ्य आपण हौशी लोकांनी मोडण्याचे काहीच कारण नाही. उसळत्या लाटा, साडेचार मीटरहून मोठी भरती, नाल्यांतून येणारे गढूळ पाणी आणि जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर येणारे निळे, दंश करणारे ब्लू बॉटल जीव, हे सारे पाहता पावसाळ्यात तलावच योग्य.

पण आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या शर्यतीचे आंतरराष्ट्रीय प्रमाण अंतर १ किलोमीटर पोहणे आणि ५ किलोमीटर धावणे असे आहे. परंतु पाणी साधारण २२ अंशांहून उबदार असेल तर आधी अडीच किलोमीटर धावणे, मग १ किलोमीटर पोहणे आणि पुन्हा अडीच किलोमीटर धावणे, असा क्रम ठेवला जातो. आपल्याकडचे पाणी वर्षातला बहुतेक काळ याहून उबदारच असते. मी या क्रमाने शर्यत केली आहे, आणि माझ्या मते धावून पाण्यात शिरणे हे पाण्यातून बाहेर येण्याहून अवघड आहे. धावताना श्वास तोंडाने, हवा तेव्हा घेतलेला असतो; पाण्यात तो ठरावीक क्षणीच मिळतो. पहिल्या पंचवीस मीटरमध्ये छाती फुटेल असे वाटते. तिथे मी दर दोन हातांनंतर श्वास घेतो, डोके थोडा वेळ वर ठेवून पोहतो आणि लय सापडल्यावरच चेहरा पाण्यात घालतो.

स्वीडनमध्ये २००२ साली चार मित्रांनी लावलेल्या पैजेतून बेटाबेटांमधून पोहत आणि धावत जाण्याचा एक प्रकार जन्मला आणि २००६ पासून त्याची रीतसर शर्यत भरते. तिथे जोडीने भाग घेतात, जोडे घालूनच पोहतात आणि पोहण्याच्या पोशाखातच धावतात. म्हणजे पाण्यातून धावण्याकडे जाण्याच्या ज्या बदलाबद्दल आपण इथे एवढे लिहीत आहोत, तो एकाच शर्यतीत पुन्हा पुन्हा करावा लागतो. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात असे काही व्हावे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

कांदिवली, एक आई

माझा मुलगा तेराव्या वर्षात आहे, चांगला पोहतो आणि त्याला या शर्यतीत उतरायचे आहे. ५०० मीटर आणि ५ किलोमीटर हे त्याच्यासाठी जास्त होईल का? डॉक्टरसाहेबांनी सांगावे.

मुलुंड, डॉक्टर

ताई, पोहण्याचे अंतर त्याला जड जाणार नाही; धावण्याचे जाऊ शकते. मुलांसाठी बहुधा कमी अंतराचा गट असतो, त्यात घालावे. टाच किंवा गुडघा दुखतो असे तो म्हणाला तर वाढीचे वय आहे म्हणून दुर्लक्ष करू नका, सराव थांबवून दाखवून घ्या. आणि सोबत त्याच्या वयाचा एखादा मित्र असेल तर फार चांगले.

घाटकोपर, शिक्षिका

आमची शर्यत सप्टेंबरअखेरीस होती. परतीच्या पावसात विजा जास्त असतात, हे सर्वांना माहीत आहे, पण शर्यतीच्या दिवशी त्याचा नेमका अर्थ काय होतो, ते मी त्या सकाळी पाहिले. पहिला गट पाण्यात उतरण्याच्या बेतात असताना लांबवर गडगडाट झाला. जीवरक्षकांनी क्षणाचाही विलंब न लावता तलाव रिकामा केला आणि सर्वांना इमारतीत नेले. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे कोणीही पाण्यात उतरणार नाही, असे ध्वनिवर्धकावरून सांगण्यात आले. दोनदा ती ३० मिनिटे संपत आली आणि दोनदा पुन्हा गडगडले. काही जण चिडले, कारण रविवारी मेगाब्लॉक सुरू होण्याआधी त्यांना घर गाठायचे होते. पण आयोजक ठाम राहिले, आणि त्यांच्या त्या ठामपणाबद्दल मला आजही आदर वाटतो.

अखेर अंतर कमी करून ३०० मीटर आणि ३ किलोमीटर अशी शर्यत झाली. तोपर्यंत अंग गार पडले होते. वाट पाहताना आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकूंनी सर्वांना जिन्यावर वर-खाली चालायला लावले, खांदे फिरवायला लावले आणि पाण्यात जाण्याआधी प्रत्येकीकडून जागच्या जागी धावून घेतले. त्यामुळे पाण्यात शिरताना दचकायला झाले नाही. अंतर कमी असल्याने सगळेच वेगात पोहले आणि जोड्यांच्या जागेवर एकदम गर्दी झाली. मी त्या गर्दीत न शिरता काठावर बसून राहिले, तीन-चार खोल श्वास घेतले आणि मग उठले. डॉक्टरसाहेबांनी वर जे कारण दिले आहे ते तेव्हा मला ठाऊक नव्हते. पण उठल्यावर चक्कर आली नाही आणि तिन्ही किलोमीटर एका लयीत झाले.

पुढच्या वर्षी याच दिवसांत भाग घेणाऱ्यांनी पिशवीत एक कोरडा शर्ट, जाड टॉवेल आणि केळ्यांसारखे काही खायला ठेवावे. वाट पाहणे दोन तासांचे होऊ शकते.